दादाचं रक्त

कोपरात कापसाचा बोळा दाबून धरत दादा सुलभाच्या खाटेशी आला. बापाच्या जमिनीच्या हक्कसोडीवर तिने सही नाकारल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. पण बहीण पिवळी पडलीय, चार पावलांत धापा टाकतेय, रक्त लागणार आहे, हे कळताच तो गावाहून धावत आला. त्याला बघून तिचे हळदीसारखे डोळे भरून आले.

इतक्यात रक्तपेढीतून निरोप आला. गट एकच आहे, पण भावाचं रक्त हिच्या रक्ताशी जुळत नाही.

"जुळत नाही?" दादा ताडकन उठला. मग आवाज खाली आणत त्याने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मॅडम, ही आमच्या रक्ताची नाही, असं लिहून मिळेल का?"

सुलभाने ते ऐकलं.

"काहीतरीच काय!" बाई कडाडल्या. "या आजारात शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी परक्या समजून फोडून टाकतं. कुणाचंच रक्त जुळत नाही. यांचं स्वतःचंही यांना जुळलेलं नाही! त्यातल्या त्यात बरं रक्त शोधून सावकाश चढवू. स्टिरॉइड सुरू केलंय, त्याने पेशी फुटणं थांबेल."

"म्हणजे ही बरी होणार?" दादाने विचारलं.

आजारी पडल्यापासून हा प्रश्न सगळ्यांनीच विचारला होता. इतक्या पडलेल्या चेहऱ्याने कुणी विचारला नव्हता.