पक्की शिलाई

"काका, तुमच्या हाताला तोड नाही हं!" नवाकोरा पट्टा ताणून बघत मॅडम म्हणाल्या. वृद्धाश्रमातले म्हातारे मनाला येईल तेव्हा खुर्चीतून उठायचे, पडायचे, हाडं मोडून घ्यायचे आणि ताप मॅडमच्या डोक्याला. त्यावर हा उपाय. पट्टा कमरेशी आवळायचा, बक्कल खुर्चीच्या पाठीमागे. शिंपीकाका आश्रमातच राहत असताना शिवायला बाहेर कशाला द्यायचं? काकाही हरखले. किती वर्षांनी कुणी काम सांगितलं होतं! त्यांनी दुहेरी शिलाई मारली.

हॉलमधले सगळे गुणी बाळांसारखे बसू लागले. पडायची कुणाची टाप नव्हती. फक्त काकांच्या शेजारच्या खुर्चीतले निवृत्त पोस्टमन सारखे खाली घसरायचे आणि पट्टा पोटावरून छातीवर, छातीवरून गळ्याकडे चढायचा. मग शिंपीकाका उठून, काखेत हात घालून त्यांना वर ओढायचे.

"पार्सल परत आलं," पोस्टमन धापा टाकत हसायचे.

काकांनी हे मॅडमच्या कानावर घातलं. "त्यांना सवयच आहे हो ती," मॅडम म्हणाल्या.

एकदा पोस्टमनना ओढताना काकांचाच तोल गेला. गुडघा जरासा खरचटला. मॅडमचा जीव किती कळवळला! लगेच काकांनाही पट्टा लागला. अर्थात त्यांच्याच भल्यासाठी.

त्याच दुपारी पोस्टमन घसरू लागले. काकांनी हात लांबवला. तो वीतभर कमी पडला.

"मावशी! अहो, धावा कुणीतरी!"

"ओरडू नका काका, बाकीच्यांची झोपमोड होते," आतून मावशींचा आवाज आला.

काकांनी होता नव्हता तो सगळा जोर लावला. आपली शिलाई कच्ची निघू दे, म्हणून त्यांनी जन्मात पहिल्यांदाच देवाची करुणा भाकली. शेजारच्या खुर्चीतली धडपड हळूहळू थांबली.

संध्याकाळी पोस्टमनची मुलगी आली. "एक समाधान माना," तिच्या पाठीवर हात फिरवत मॅडम म्हणाल्या. "पडून नाही हो गेले. बसल्या जागी गेले."

मग त्यांनी शिंपीकाकांचं बक्कल काढलं आणि पट्ट्यावरून कौतुकाने बोट फिरवलं. "एवढी ओढाताण केलीत, पण एक टाका उसवला नाही! आणखी थोडे शिवाल का?"

काकांनी हॉलभर नजर फिरवली. खुर्चीखुर्चीच्या पाठीमागे बक्कल चमकत होतं.

"शिवतो की," ते म्हणाले. "आधी कात्री द्या."