मंगलाचा सूर

सुरतेत, लिंबायतच्या आमच्या खानदेशी सोसायटीत दरवर्षी कानबाई देवीच्या उत्सवात माझी बायको मंगला गाते. यंदा मंडळाचा हेमराज म्हणाला, “नाना, साथ जमली तर मावशींचं गाणं, नाहीतर पेनड्राइव्हवरची गाणी.” मी नवशिका, पण गिटार घेऊन बसलो. क्लासच्या सरांच्या नोटेशनमध्ये होतं: कॅपो दुसऱ्या फ्रेटवर. लिहिलेलं मी कधी मोडत नाही. तारा दाबणारा तो चिमटा गिटारच्या दांडीवर दुसऱ्याच पट्टीत लावला. मंगला पहिल्याच ओळीत अडकली. “मना आवाज इतला खाले जात नही.” हेमराज हसला. “सरांनी लिहिलंय तसं गा, मावशी. नाहीतर रहेवा दो ने!” त्याचा हात स्पीकरकडे गेला. कॅपो वर सरकवला की सूर चढतो, एवढं ठाऊक होतं. मी तो पाचव्या फ्रेटवर दाबला. “सरांचं चुकलं. हात काढ, हेमराज. मंगला, तुना सूरमा म्हन.” तिने गाणं उचललं. माझं बोट चुकलं; मी थांबलो नाही.