बसायला मनाई नाही

"बसा ना ताई," कामगार कार्यालयातल्या मॅडम म्हणाल्या, आणि मी टेबलासमोरच्या एकुलत्या एक खुर्चीत बसले. पोटऱ्यांवरच्या शिरांच्या निळ्या गाठी ठणकत होत्या. माझी तक्रार एवढीच होती की साड्यांच्या दुकानात आम्हा बायकांना दिवसभर टेकूसुद्धा देत नाहीत. गिऱ्हाईक नसलं तरी नाही. बसलेली बाई दिसली की दुकान चालत नाही असं लोकांना वाटतं म्हणे!

तेवढ्यात मॅडमनी सुनावणीला बोलावलेले आमचे शेठ दार ढकलून आत आले आणि मी ताडकन उठून उभी राहिले.

मला कुणी ऊठ म्हटलं नव्हतं. मेले पाय आपले आपणच उठले! शेठ बाहेर गेले की आम्ही गादीच्या कडेला चोरून टेकतो, आणि त्यांची चाहूल लागली की असेच उठतो. शेठनी माझ्याकडे बघितलंही नाही. माझ्या खुर्चीत ऐसपैस बसले, रुमालानं मान पुसली आणि हसत म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे सगळी घरचीच माणसं. कुण्णाला बसायला मनाई नाही. हिलाच विचारा की."

"बोला ताई," मॅडम म्हणाल्या.

माझ्या अंगाची नुसती आग झाली. शेठचा राग आलाच, पण त्याहून जास्त आला तो माझ्या या गुलाम पायांचा.

"मनाई नाही ना, शेठ? मग उठा," मी म्हणाले. "ती खुर्ची माझी आहे. मी बसूनच बोलणार."