ओंजळवाला मुलगा

मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना खाली बसवून मामीने दोघांना गच्चीवर बोलायला धाडलं. शाल्मलीने आधी भूषणचा फोन पाहिला. ओंजळ कंपनीचा! तिला हायसं वाटलं. बाकीच्या कंपन्यांचे फोन कधीचेच कानात गोड वाक्यं पुरवू लागले होते. सगळ्यांत मोठी ओंजळ मात्र पाच वर्षं फोनचे नुसते रंग बदलत बसली होती. म्हणून तर हल्ली लग्नाच्या बाजारात ओंजळवाल्या मुलांना मागणी होती. त्यांचं बोलणं त्यांचंच असायचं.

"माझ्यात काय आवडलं तुम्हाला?" तिने विचारलं.

"ते... म्हणजे... तुमचे ना, ओठांआधी डोळे हसतात."

पदरात जाई पडावी तसं ते वाक्य तिच्या मनात पडलं. तेवढ्यात तिच्या कानातला चकोर कंपनीचा मणी कुजबुजला, "भुलू नकोस. ओंजळचा फोनही कालपासून वाक्यं पुरवतो, त्याला अडखळताही येतं."

खरं असेल? की चकोर ओंजळच्या वाईटावर आहे? वैतागून तिने मणी काढला आणि कठड्यावर ठेवला.

"खरं सांगा, हे शब्द तुमचे की फोनचे?"

भूषण त्या मण्याकडे बघतच राहिला.

"आणि तुमचा मघाचा प्रश्न?" त्याने हळूच विचारलं. "तो तुमचाच होता ना?"

उत्तरासाठी तिचा हात आपसूक कठड्यावरच्या मण्याकडे गेला.