मिनिटाला वीस

“नर्सिंगच्या थर्ड इयरच्या मुलींनी रिसर्च करायचा नसतो. त्यासाठी दक्षा आहे,” म्हणत प्रिन्सिपल अत्तरदे मॅडमनी ज्योत्स्ना पाडवीचा अर्ज वॉर्डातच परत केला. भिंतीवरच्या पडद्यावर दक्षा नावाचं ते यंत्र सगळ्या पेशंटची नाडी, ताप, श्वास दाखवत होतं. तीन नंबरच्या आजोबांचा श्वास मिनिटाला वीस, प्रकृती ठीक.

ज्योत्स्ना जागची हलली नाही. “दक्षा श्वास मोजत नाही, मॅडम, अंदाज बांधते. आपल्याच जुन्या चार्टांवरून शिकलीय ती. अन् त्यात प्रत्येक पेशंटपुढे वीस! न मोजता सगळ्यांनी ठोकून दिलेले. फर्स्ट इयरला मीसुद्धा.”

“तोंड सांभाळून बोल!”

“बोलणारच. दक्षा नको म्हणत असताना आजोबांना ऑक्सिजन मी लावलाय, डॉक्टरांनाही बोलावलंय. काढा मला कॉलेजातून. पण आधी हे घ्या.” तिने मनगटावरचं घड्याळ सोडून मॅडमच्या हातात ठेवलं. “मिनिटभर मोजा, मग अर्ज फाडा.”

मॅडम आजोबांच्या छातीकडे बघत पुटपुटू लागल्या. सेकंदकाटा अर्ध्यावर यायच्या आतच त्या वीसवर पोचल्या आणि मान वर करून पडद्यावरच्या आकड्याकडे बघू लागल्या.

“थांबू नका, मॅडम,” ज्योत्स्ना म्हणाली. “अजून अर्धं मिनिट आहे.”