रमणच्या थापा

"नाही हो, नजर टिकतच नाहीये," सबीहा मॅडम म्हणाल्या.

पडद्यावर चार चित्रं होती. यातला मासा कुठला, चंद्र कुठला, असं यंत्र विचारत होतं आणि पडद्याखालचा कॅमेरा सात वर्षांच्या अश्लेषाची बुबुळं टिपत होता. दुसरं टिपणार तरी काय? स्नायूंच्या दुखण्यानं पोरीचं अंग तान्हेपणीच गळालेलं, जीभसुद्धा. चालतात ते फक्त डोळे. आज तेही मधेच मिटत होते. हिला कळतं असं दिसलं, तरच डोळ्यांनी बोलायचं यंत्र मिळणार होतं.

"कंटाळली असेल," पडद्याशेजारी बसलेली तिची आई विशाखा म्हणाली.

"असेल, वहिनी. पण 'कळतं' असं मी कशाच्या जोरावर लिहू?" मॅडम मूळच्या रत्नागिरीच्या. आखातातल्या बौशरच्या त्या दवाखान्यात मराठीतून वाईट बातमी देणाऱ्या त्या एकट्याच.

बाप रमण सोहारच्या कारखान्यात क्रेन चालवायचा. क्रेनपेक्षा त्याच्या थापा उंच जायच्या. त्याला शांतता सोसेना. तो लेकीच्या कानाशी वाकला.

"ठमे, सहमच्या किनाऱ्यावर एक सुरमई आहे. रोज अर्बाबच्या, आपल्या मालकाच्या, पिकअपमध्ये पुढच्या सीटवर बसून बाजारात जाते. वर पट्टासुद्धा लावते!"

अश्लेषाचे डोळे आईकडे गेले.

"थापा गं, थापा," विशाखा सवयीनं म्हणाली. डोळे पडद्यावर परतले.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे काय होतं?"

"घरचंच. हा फेकतो, ती माझ्याकडे बघते, मग मी सांगते."

"म्हणजे तुम्ही सांगायच्या आधीच बघते?"

विशाखानं वळून लेकीकडे बघितलं.

"रमणभाऊ, खरं-खोटं मिसळून बोला. खोटंही पचेल असं. वहिनी, तुम्ही हूं की चूं करायचं नाही."

आज आम्ही सोहारहून गाडीनं आलो. डोळे जागेवर. गाडी उंटानं चालवली. डोळे आईकडे. फोरमननं खजूर वाटले. जागेवर. काल घरी भेंडी होती. आईकडे, कारण काल दुधी होता. वीस वाक्यं झाली. रमणला घाम फुटला. थापांची ददात नव्हती, पण खऱ्याचा साठा संपत आला होता. पोर एकदाही चुकली नाही.

"हिला सगळं कळतं," मॅडम म्हणाल्या. "यंत्राचं मी आजच लिहिते."

विशाखानं ओढणी तोंडाला लावली. रमणला काय करू नि काय नको असं झालं. त्यानं लेकीचा मऊ, निर्जीव हात उचलून गालाला लावला आणि एरवी विशाखा जवळपास नसतानाच जे सांगायचा, ते सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

"ठमे, पुढच्या गणपतीला तू स्वतःच्या पायांवर आरतीला उभी राहणार. बाबाची शप्पथ!"

अश्लेषाचे डोळे आईकडे गेले.