ट्रंकेवरचं नाव

निवृत्तीनंतर आठव्या दिवशी जनरलांची बायको काळ्या ट्रंकेवर पॉलिशपेपर घासत बसली. दर बढतीला पलटणीचा पेंटर तिच्यावरच्या जुन्या अक्षरांवर काळा रंग मारून नवा हुद्दा लिहायचा. एकेक हुद्दा निघत गेला: ब्रिगेडियर, कर्नल, मेजर. "अगं, सगळी नोकरीच खरवडून काढतेस की काय?" जनरल म्हणाले. "सगळी नाही. पहिलं वर्ष ठेवणार आहे." कॅप्टनखाली लेफ्टनंट उघडा पडला, वेड्यावाकड्या अक्षरांत. लग्नानंतरच्या पहिल्या बदलीला ती अक्षरं जनरलांनी स्वतः रंगवली होती. त्यांच्या नावाशेजारी तिचंही नाव होतं. जनरलांनी चष्मा लावला. "तुझं नाव गेलं कधी?" "तुम्ही कॅप्टन झालात तेव्हा. तरी रंगाखाली ते बोटांना लागायचं. सीमेवर असलात की चाचपायचे मी. मेजर झालात आणि लागेनासं झालं." जनरल गुडघे धरून खाली बसले आणि डोळे मिटून तिचं नाव चाचपू लागले.